पाणी जरा बेतानं घाल

अगं, आधी फोनवरची ती चित्रं बंद कर बघू. बर्फानं झाकलेली खेळण्यातली घरं, प्रत्येक कौलावर नक्षी, कुकीवर रेखलेले चेहरे. बघून बघून जीव कासावीस करून घेतलायस. शेजारणीनं कुकी एक्स्चेंजला बोलावलंय, लेकीला जिंजरब्रेडचं घर हवंय, ऑफिस तर आहेच, आणि अमेरिकेतला पहिलाच डिसेंबर म्हणून सगळं यंदाच झालं पाहिजे असं तू ठरवून बसलीयस. होईल गं. पण खरं सांगू का, यात चित्रकला फार कमी लागते. आयसिंगमध्ये पाणी किती आणि वाळायला वेळ किती, ही दोन कलमं सांभाळलीस की हात थोडा थरथरला तरी कुकी देखणी दिसते.

आणि बघ, एक्स्चेंज म्हणजे काय ते नीट समजून घे, अर्धी धास्ती तिथेच उतरेल. प्रत्येकीनं एकाच प्रकारच्या कुकीज भरपूर करून न्यायच्या आणि परत येताना सगळ्यांच्या थोड्या थोड्या आणायच्या. म्हणजे तुला दहा प्रकार करायचेच नाहीत! यजमानीणबाईंना विचार, किती डझन आणायच्या. एकच पीठ, एकच आकार, दोन रंग, बस. लेकीच्या वर्गासाठी न्यायचा विचार असेल, तर आधी शिक्षिकेला विचार. इथल्या बऱ्याच शाळा अ‍ॅलर्जीपायी घरचं काही चालवून घेत नाहीत, दुकानातलं बंद पाकीटच लागतं. रात्रभर जागून केलेला डबा सकाळी वर्गाच्या दारातून परत यायला नको.

माझं ऐकशील तर साध्या शुगर कुकीपेक्षा जिंजरब्रेडच कर. कारण यातलं निम्मं सामान तुझ्या मसाल्याच्या डब्यात आहे. सुंठ, दालचिनी, लवंग. वर चिमूटभर जायफळ घाल, आपल्या हाताला ते शोभतं. जर्मनीत न्यूरेंबर्गसारख्या गावांत शेकडो वर्षांपासून मसाल्याची अशी बिस्किटं होतात. तिथल्या जंगलात मध मुबलक मिळायचा आणि व्यापारी रस्त्यांनी पूर्वेकडचे मसाले यायचे. त्यातली सुंठ आपल्या मलबार किनाऱ्यावरूनही गेलेली. तेव्हा हा पदार्थ परका आहे म्हणून बिचकू नकोस.

प्रमाण लिहून घे. मैदा ३ कप, ब्राउन शुगर पाऊण कप, बिनमिठाचं बटर पाऊण कप, मोलॅसिस पाऊण कप, दूध २ टेबलस्पून. सुंठपूड आणि दालचिनीपूड प्रत्येकी १ टेबलस्पून, लवंगपूड अर्धा टीस्पून, मीठ अर्धा टीस्पून, खायचा सोडा पाऊण टीस्पून. अंडं नाही, म्हणून सासूबाई आल्या असतील तरी निर्धास्त. मोलॅसिस घेताना बाटली नीट वाच. ‘ब्लॅकस्ट्रॅप’ लिहिलेलं घेऊ नकोस, ते फार कडू लागतं. इंडियन स्टोअरमध्ये काकवी मिळाली तर तीही चालते, फक्त रंग थोडा फिका येतो आणि चव जास्त गुळचट.

पीठ एकत्र आलं की थांब. कणीक तिंबतेस तसं याला तिंबायचं नाही. जास्त मळलं की भाजताना आकार आक्रसतात. लगेच लाटायलाही घेऊ नकोस, कारण गोळा मऊ आणि चिकट असतो. त्याच्या दोन चकत्या थाप, गुंडाळून निदान दोन तास फ्रीजमध्ये ठेव. मग बटर पेपरच्या दोन तुकड्यांमध्ये पाव इंच जाड लाट. सवयीनं हात पिठीकडे जाईल, पण जाऊ देऊ नकोस. पिठीनं कुकी कोरडी होते आणि तिच्यावर पांढरे डाग राहतात. आकार कापलेस की ट्रे दहा-पंधरा मिनिटं पुन्हा गार कर आणि मगच ३५० फॅरनहाइटला, म्हणजे साधारण १७५ सेल्सिअसला, आठ ते दहा मिनिटं भाज. बटर गार असलं की कडा धारदार राहतात, ताऱ्याचा गोळा होत नाही. ओव्हनमधून काढल्यावर कुकी मऊच लागेल, घाबरून परत आत ढकलू नकोस. गार होता होता ती कडक होते.

आता आयसिंग. इथे मात्र माझं शब्दन्‌शब्द ऐक.

रॉयल आयसिंगला पिठीसाखर ४ कप, मेरिंग पावडर ३ टेबलस्पून आणि कोमट पाणी ५ ते ६ टेबलस्पून. मेरिंग पावडर म्हणजे वाळवलेला अंड्याचा पांढरा भाग. केकच्या सामानाच्या दुकानात मिळते. कच्चं अंडं फोडून करायची जुनी पद्धत आहे, पण घरात लहान मूल आहे, साल्मोनेलाची जोखीम कशाला? अंडं मुळीच नको असेल तर काबुली चण्याच्या कॅनमधलं पाणी फेटून घे. ऐकायला विचित्र वाटतं, पण छान फुगतं आणि कडक वाळतं. साखर इथली विकतचीच घे. घरी मिक्सरवर दळलेली कितीही बारीक वाटली तरी कोनाच्या टोकात अडकते. विकतचीसुद्धा एकदा चाळ.

भांडं स्टीलचं किंवा काचेचं, आणि तुपा-तेलाचा अंशही नसलेलं. प्लॅस्टिकच्या भांड्याला जुना तेलकटपणा धरून राहतो, आणि स्निग्ध पदार्थ लागला की आयसिंग फुलतच नाही. सात ते दहा मिनिटं फेट, घट्ट शिखरं उभी राहिली पाहिजेत. एवढं झालं की ओलं फडकं झाकून ठेव, कारण उघड्यावर काही मिनिटांतच वर पापुद्रा धरतो.

हे घट्ट आयसिंग घर चिकटवायला आणि बारीक रेघांना. कुकीवर पसरवायला ते सैल करायचं, आणि सगळ्या बायकांची गाडी इथेच अडते. एकदम चमचाभर पाणी ओतू नकोस, गं. अर्धा टीस्पून घाल, हलव, सुरीनं मधोमध रेघ मार आणि मनात आकडे मोज. रेघ पंधरा ते वीस सेकंदांत मिटून पृष्ठभाग सपाट झाला की हात थांबव. याच आयसिंगनं कडही काढता येते आणि पोटही भरता येतं, दोन-दोन प्रकार करत बसावं लागत नाही. दहाच्या आत मिटली तर ते कडेवरून ओघळणार, तेव्हा थोडी साखर चाळून घाल. पंचवीसच्या पुढे गेलं तर वर खडबडीत दिसेल, थेंबभर पाणी वाढव.

कोन कसा करायचा हे तुला कुणी शिकवायला नको. मेंदीचा वळतेस तसाच बटर पेपरचा वळ आणि टोक अगदी बारीक काप. धरायचाही तसाच: टोक कुकीला घासायचं नाही, जरा वर उचलून धार अलगद खाली पडू द्यायची. आधी कड, मग आतला भाग, आणि टूथपिकनं कोपऱ्यांत सरकव. हवेचे बुडबुडे लगेच फोड, नंतर ते वाळून खड्डे होतात. ओल्यावरच दुसऱ्या रंगाचे ठिपके टाकून मधून टूथपिक ओढलीस की हृदयांची माळ तयार होते. बघणाऱ्याला वाटतं केवढी कारागिरी, आणि लागतं अर्धं मिनिट. मात्र ओल्यावर करायचं ते ओलं असतानाच, आणि वरून उठावदार रेघ हवी असेल तर खालचा थर पुरा वाळल्यावरच. अर्धवट वाळलेल्यावर लाल रेघ ओढलीस तर ती पांढऱ्यात पसरेल.

पुरतं वाळायला आठ ते बारा तास लागतात. जेवणाच्या टेबलावर ट्रे मांड, पंखा लाव, झोपायला जा. हिवाळ्यात हीटरमुळे घरातली हवा कोरडी असते, ती तुझ्या बाजूनंच आहे. मुंबईच्या दमट हवेत हेच काम जास्त रडवतं. आयसिंग केलेल्या कुकी फ्रीजमध्ये मात्र ठेवू नकोस, ओलावा धरून रंग फुटतात.

रंग जेलचेच घे, पातळ रंगानं आयसिंग सैल होतं. लाल आणि काळा आदल्या दिवशी कालवून झाकून ठेव, कारण मुरल्यावर ते आणखी गडद होतात. ताज्यातच गडद करायला गेलीस तर रंग इतका लागतो की जिभेला कडू लागतो. पण माझं ठाम मत सांगू? जिंजरब्रेडला रंगाची गरजच नाही. त्या तांबूस तपकिरी अंगावर नुसत्या पांढऱ्या रेघा, ठिपके, एखादी वेलबुट्टी, याहून सुंदर काही नाही. तुझ्या एक्स्चेंजसाठी तेवढंच कर. तारे काप, त्यांच्यावर पांढरी नक्षी काढ. तोच कटर पुढच्या दिवाळीत आकाशकंदिलाच्या कुकीला येईल आणि गोल कटर कुणाच्या बारशाला, बाळाचं नाव लिहायला.

सजावटीचं सामान घेताना पाकीट उलटून वाचायची सवय लाव. ते चंदेरी मणी असतात ना, आपण मिठाईवरचा वर्ख खातो म्हणून ते खाण्याचे असतील असं धरून चालू नकोस. इथे त्यांच्यावर बऱ्याचदा ‘केवळ सजावटीसाठी’ असं छापलेलं असतं. मुलांच्या कुकीवर नकोतच. मार्शमॅलो आणि गमीच्या गोळ्यांत बहुतेकदा जिलेटिन असतं, काही लाल रंगांत कारमाइन, म्हणजे किड्यांपासून काढलेला रंग. तुझ्याकडे शाकाहारी मंडळी येणार, त्यांना हे आधीच माहीत असलेलं बरं.

राहिलं घर. लेकीला सांग, ग्रिम बंधूंच्या १८१२ च्या पुस्तकात हॅन्सेल आणि ग्रेटेलला सापडलेलं घर पावाचं होतं, छप्पर केकचं आणि खिडक्या साखरेच्या. म्हणजे नियम असा काही नाहीच; पहिल्या वर्षी छोटंसं, चार भिंती आणि दोन पाख्यांचं छप्पर पुरे. आधी पुठ्ठ्याचे भाग कापून चिकटपट्टीनं जोडून बघ, माप चुकलं असेल तर पुठ्ठ्यातच कळेल. हेच पीठ घे, पण सोडा गाळ, म्हणजे भिंती फुगत नाहीत, आणि दोन-तीन मिनिटं जास्त भाज. ओव्हनमधून काढल्याबरोबर, गरम असतानाच, पुठ्ठा वर ठेवून वाकड्या झालेल्या कडा सुरीनं सरळ काप. गार झाल्यावर कापायला गेलीस तर तुकडा पडतो. मग रात्रभर उघड्यावर कडक होऊ दे.

भिंतींवरची नक्षी त्या आडव्या असतानाच काढून वाळव. उभ्या भिंतीवर आयसिंग खाली घसरतं. जोडताना ते घट्ट आयसिंग सढळ हातानं लाव आणि दोन्ही बाजूंनी डाळीचे डबे टेकू म्हणून ठेव. छप्पर लगेच चढवू नकोस, बघ हं. भिंती काही तास, जमलं तर रात्रभर, तशाच राहू देत. छप्पर कोसळतं ते बहुधा या घाईपायीच. सांधे वेडेवाकडे दिसले तर वरून आणखी आयसिंग ओघळू दे. बर्फ पडलेलाच दिसतो.

लेकीला मदतीला घेणारच तू, घ्यायलाच हवं. पण तिची वाटी, तिचा कोन आणि तिच्या पाच-सहा कुकीज वेगळ्या काढ. ती अर्ध्या कुकीवर रंगीत साखरेच्या दाण्यांची अर्धी बरणी ओतेल, ओतू दे. कच्चं पीठ मात्र तिला चाटू देऊ नकोस. अंडं नसलं तरी कच्च्या मैद्यातूनही पोट बिघडवणारे जंतू जातात.

आणि हे सगळं एका दिवसात करायचा हट्ट सोड. या शनिवारी पीठ कर, कुकीज भाज आणि आयसिंगशिवाय फ्रीजरमध्ये टाक. घट्ट झाकणाच्या डब्यात त्या दोन-तीन महिनेसुद्धा राहतात. एक्स्चेंजच्या दोन रात्री आधी बाहेर काढ, डब्याचं झाकण न उघडता खोलीच्या तापमानाला येऊ दे, म्हणजे पाणी कुकीवर न सुटता डब्यावर सुटतं. एका रात्री आयसिंग, दुसऱ्या रात्री वरच्या रेघा. घर त्याच्या पुढच्या आठवड्यात, सुट्टी लागल्यावर. ते शेजारणीकडे न्यायचं नाहीये, त्याला कुठलीच तारीख नाही.

डबा भरताना प्रत्येक थरामध्ये बटर पेपर घाल. सोबत रेसिपीचं कार्ड न्यायची पद्धत आहे, त्यावर गहू, दूध आणि आयसिंगमधलं अंडं हे स्पष्ट लिही, कुणी ना कुणी विचारतंच. जायफळाची चिमूटही लिही. आणि उद्या दुकानात जाशील तेव्हा मेरिंग पावडर आधी उचल, ख्रिसमस जवळ आला की तीच पहिल्यांदा संपते.