टेन्शनची पावडर घेण्याआधी

पुरुषोत्तमनगरला कारखान्याचा गळीत हंगाम सुरू झाला की आपल्या वस्तीचे घड्याळ बदलते. घरातला एक माणूस रात्रपाळीला, दुसरा भल्या पहाटे मजुरीला, आणि दोघांच्या डब्यासाठी घरातली बाई दोनदा उठते. हंगाम संपला की दुसरी काळजी सुरू होते, आता काम कुठे? त्यात बचतगटाचा हप्ता, मुलीची फी, आजारी सासू. मग झोप लागत नाही, छाती धडधडते, पोटात जळजळते, लहानसहान गोष्टीवरून घरात भांडण होते. अशाच वेळी मोबाइलवर जाहिरात दिसते, ‘कॉर्टिसॉल कमी करा, टेन्शन पळवा’. एका डब्याला तीन-चार दिवसांची मजुरी जाते. त्या डब्यात काय असते, त्यातले काय उपयोगाचे आणि काय घातक, याचा अभ्यास या पाठात करू.

शरीराची धोक्याची घंटा

उसाच्या शेतात पायाखाली साप दिसला तर विचार करायच्या आत आपण मागे उडी मारतो. मेंदू इशारा देतो आणि दोन्ही मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथी ॲड्रिनलिन रक्तात सोडतात. हृदय जोरात धावते, श्वास वाढतो, रक्त हातापायांकडे वळते. थोड्या वेळाने त्याच ग्रंथींमधून कॉर्टिसॉल येते. ते रक्तातली साखर वाढवून स्नायूंना इंधन पुरवते. साप निघून गेला की घंटा थांबते.

कॉर्टिसॉल हा शत्रू नाही, हे आधी लक्षात घ्या. ते नसेल तर माणूस जगू शकत नाही. रोज पहाटे ते वाढते म्हणून आपण जागे होतो आणि मध्यरात्री ते सर्वांत कमी असते म्हणून गाढ झोप लागते. बिघाड होतो तो घंटा थांबत नाही तेव्हा. सावकार, मुकादम, जातीवरून मारलेला टोमणा यांना पाहून पळताही येत नाही आणि ते शेतातल्या सापासारखे निघूनही जात नाहीत. १९३६ साली कॅनडात हान्स सेली या शास्त्रज्ञाने उंदरांवर प्रयोग केले. थंडी, अतिश्रम, विषारी द्रव्य, त्रास कोणताही असो, उंदरांच्या शरीरात नुकसान सारखेच दिसले. ॲड्रिनल ग्रंथी सुजलेल्या आणि पोटात व्रण. माणसात असा ताण वर्षानुवर्षे राहिला तर रक्तदाब आणि साखर वाढते, पोटावर चरबी साठते, झोप मोडते.

लंडनमध्ये १९६७ साली सरकारी नोकरांचा एक मोठा अभ्यास सुरू झाला. त्यात सर्वांत खालच्या पदावरच्या माणसांत हृदयविकाराने मरण्याचे प्रमाण साहेबांपेक्षा कितीतरी जास्त आढळले. कामावर स्वतःचा ताबा नसणे हे त्यामागचे एक मोठे कारण पुढच्या अभ्यासांत दिसले. म्हणजे उतरंडीत खाली ठेवलेल्या माणसाच्या शरीरावर त्या उतरंडीचा परिणाम होतो. आपल्याला हे पुस्तकातून शिकायची गरज नव्हती, पण पुरावा हाताशी असलेला बरा. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळत होते त्या काळात, १९४६ साली, कारखान्यातल्या कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ वर आले. विश्रांती हा हक्क आहे ही त्यामागची समज आरोग्याच्या दृष्टीनेही अचूक होती.

डब्यात काय असते

सर्वांत जास्त खपते ते अश्वगंधा. त्याला थोडा आधार आहे. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय चाचणीत ताण असलेल्या ६४ माणसांपैकी निम्म्यांना अश्वगंधाच्या मुळाचा ३०० मिलिग्रॅम अर्क दिवसातून दोनदा, ६० दिवस दिला आणि बाकीच्यांना तशीच दिसणारी पोकळ गोळी दिली. अर्क घेणाऱ्यांचा ताण आणि रक्तातले कॉर्टिसॉल जास्त उतरले. पुढच्या काही चाचण्यांतही झोप आणि ताण यांत फरक दिसला. पण या चाचण्या छोट्या, दोन-तीन महिन्यांच्या आणि मानक अर्क वापरून केलेल्या. बाजारातल्या सुट्या पावडरीत मूळ किती, पान किती आणि माती किती, हे कोण सांगणार?

नैसर्गिक आहे म्हणून निर्धोक, असेही समजू नका. अश्वगंधा घेतल्यावर यकृताला इजा होऊन कावीळ झाल्याच्या नोंदी आहेत. ते थायरॉइडचे हार्मोन वाढवू शकते आणि साखरेच्या, रक्तदाबाच्या व झोपेच्या गोळ्यांचा परिणामही वाढवू शकते. डेन्मार्कने २०२३ साली त्यावर बंदी घातली. गरोदर बाईने ते घेऊच नये. ज्यांना थायरॉइड, मधुमेह, यकृताचा आजार आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये. कोणी घेत असेल आणि डोळे पिवळे दिसू लागले, लघवी गडद झाली, अंगाला खाज सुटली, तर त्याच दिवशी बंद करून दवाखान्यात जावे.

दुसरे नाव मॅग्नेशियमचे. शरीरात ते कमी पडले तर स्नायू आखडतात आणि अस्वस्थपणा वाढतो, हे खरे. पण ज्याच्या अंगात ते पुरेसे आहे त्याला गोळीने शांती मिळते, याचा पुरावा कमजोर आहे. जास्त झाले तर जुलाब होतात, आणि मूत्रपिंडाच्या रुग्णाला ते धोक्याचे ठरते. बी-१२ जीवनसत्त्व मात्र वेगळ्या रांगेत ठेवतो. ते कमी असेल तर थकवा, हातापायांना मुंग्या, विसरभोळेपणा, उदासी येते आणि बाहेरून सगळे टेन्शनसारखेच दिसते. तपासणीत कमी निघाले तर गोळी किंवा इंजेक्शन हा खरा उपचार आहे. बाकी डब्यांवर ‘ॲड्रिनल थकवा’ असा शब्द दिसला तर डबा खाली ठेवा. ग्रंथी दमतात आणि पावडरीने ताज्या होतात, अशा आजाराला हार्मोनतज्ज्ञ मान्यता देत नाहीत.

डब्यावरचे बारीक अक्षर शाळेत जाणाऱ्या मुलाकडून वाचून घ्या. सप्लिमेंटवर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा १४ आकडी परवाना क्रमांक हवा आणि ‘औषधी वापरासाठी नाही’ असा इंग्रजी मजकूर छापणे कायद्याने बंधनकारक आहे. वर मोठ्या अक्षरात टेन्शन बरे करण्याची हमी आणि खाली बारीक अक्षरात हे वाक्य! कालामांना तथागतांनी सांगितले होते की कोणी सांगितले, परंपरेने आले, एवढ्यावर मानू नका. जाहिरातीलाही तोच नियम लावावा.

बिनानावाची पुडी

आठवडी बाजारात किंवा दारावर मिळणारी ‘ताकदीची’, ‘वाताची’, ‘भुकेची’ पुडी यापेक्षा भयंकर. अशा पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेले अनेकदा सापडले आहे. स्टेरॉइड म्हणजे काय? प्रयोगशाळेत बनवलेले कॉर्टिसॉलच, कितीतरी पटीने तीव्र. म्हणजे कॉर्टिसॉल उतरवायला निघालेला माणूस पैसे देऊन तेच पोटात घालतो. दोन दिवसांत दुखणे गायब, भूक वाढलेली, अंगात तरतरी. लोक म्हणतात, पुडी लागू पडली. काही महिन्यांनी चेहरा गोल सुजतो, साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात. एवढ्यावर भागत नाही. बाहेरून आयते मिळत राहिल्याने शरीराच्या ग्रंथी काम थांबवतात. अशी पुडी महिनोन्‌महिने घेतलेल्या माणसाने ती एकदम सोडली तर चक्कर, उलट्या होऊन जिवावर बेतू शकते. म्हणून पुडी फेकून न देता सोबत घेऊन सरकारी दवाखान्यात जा. डॉक्टर गरज पाहून हळूहळू सोडवतील.

टेन्शन की पांडुरोग?

छातीत धडधड, जिना चढताना दम, चिडचिड, डोके दुखणे, लक्ष न लागणे. ही यादी ताणाची आहे, तशीच रक्त कमी असल्याचीही आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या अर्ध्याहून जास्त स्त्रियांत रक्त कमी आढळले. ‘तिला टेन्शन आहे’ असे म्हणून आपण किती आयाबहिणींचा पांडुरोग झाकून ठेवतो! प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन मोफत पाहतात. आधी ते पाहा, मग टेन्शनचे बोलू.

नंदुरबार जिल्ह्यात आणखी एक तपासणी सांगितलीच पाहिजे, सिकलसेलची. हा आजार फक्त आदिवासी बांधवांचा, असा समज आपल्या वस्तीत आहे. तो चूक आहे. पूर्वाश्रमीच्या महार समाजातही हे जनुक बऱ्याच प्रमाणात आढळते, विदर्भात तर खूपच. सिकलसेलच्या रुग्णाला थंडी, पाण्याची कमतरता, अतिश्रम आणि मानसिक ताण यांमुळे अंगदुखीचा तीव्र झटका येऊ शकतो. अशा रुग्णाने लोहाच्या गोळ्या किंवा ‘रक्तवाढीचे’ टॉनिक मनाने घेऊ नये. वारंवार रक्त चढवलेल्या रुग्णाच्या शरीरात आधीच लोह साठलेले असते. लग्न ठरवताना पत्रिका आपण पाहत नाही, हे चांगलेच. सिकलसेलचे कार्ड मात्र दोन्ही घरांनी पाहावे.

ताटातले मॅग्नेशियम

ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात सुमारे १३० मिलिग्रॅम मॅग्नेशियम असते. तेवढ्याच पांढऱ्या तांदळात २० च्या आसपास. बाईची रोजची गरज सुमारे ३७०, पुरुषाची ४४०. म्हणजे आपल्या खानदेशातली कळण्याची भाकरी, ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेली, कोणत्याही कॅप्सूलला भारी आहे. सोबत शेंगदाण्याची किंवा तिळाची चटणी, पालेभाजी, असेल तर केळे. रेशनचा गहू दळून आणला की कोंडा चाळून टाकू नका. बी-१२ साठी अंडे, दूध, मासळी. सुकट-बोंबील स्वस्तात ते देतात, फक्त रक्तदाब असेल तर मीठ धुऊन घ्या. जे मांसाहार करत नाहीत त्यांनी निदान दूध-दही सोडू नये, आणि बी-१२ तपासून घ्यावे. चहा जेवणानंतर तासभर थांबून प्या. जेवणासोबतचा चहा लोह शोषू देत नाही. भाजीवर लिंबू पिळले तर उलट लोह जास्त मिळते.

देह सुकवून ज्ञान मिळत नाही हे ओळखून सिद्धार्थाने सुजाताची खीर स्वीकारली, ही गोष्ट आपण वैशाख पौर्णिमेला सांगतो. १९५६ नंतर आपण व्रतवैकल्ये, उपासतापास सोडले. पण घरातली बाई शेवटी जेवते आणि उरलेले जेवते, ही चाल अनेक घरांत तशीच चालू आहे. तिच्या ताटात डाळ उरत नाही, आणि मग तिच्यासाठी आपण पावडरचा डबा आणतो. सगळ्यांनी एकत्र जेवायला बसणे हा यावरचा उपाय बिनखर्चाचा आहे.

रात्रपाळी करणाऱ्याचे कॉर्टिसॉलचे घड्याळ उलटे फिरते. त्याने पाळीच्या शेवटच्या चार-पाच तासांत चहा टाळावा, घरी आल्यावर खिडकीला जाड कापड लावून झोपावे, आणि घरच्यांनी त्या वेळी टीव्ही बंद ठेवावा. तंबाखूने टेन्शन उतरते हा भास आहे. निकोटीन हृदय पळवते आणि ताणाचे हार्मोन वाढवते. शांत वाटते ते फक्त तलफ भागल्यामुळे. दारूने झोप लागते पण मध्यरात्री मोडते. पाचवे शील पाळणाऱ्या घराला हे वेगळे सांगायला नको, पण तंबाखू शीलात बसत नाही असे म्हणणारेही आपल्यातच आहेत.

विहारात वंदनेनंतर दहा मिनिटे आनापान करावे. श्वास बळाने न ओढता आत-बाहेर जाताना फक्त पाहायचा. सावकाश श्वासाने हृदयाची गती उतरते. मात्र दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप, भूक, कामातली इच्छा गेली असेल, किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर आनापान किंवा भाकरीवर भागवू नका. १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक मोफत आहे, दिवसरात्र चालतो आणि मराठीत बोलता येते. दवाखान्यात जाताना घरात चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, पावडरी, काढे आणि पुड्या एका पिशवीत घालून न्या आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा.