मोगरा कधी छाटायचा, गुलाब कधी?

तायांनो, गटाच्या बैठकीत हा प्रश्न सारखा येतो: मोगरा हिरवागार आहे, शेणखतही घातलं, मग कळी का नाही? बहुतेक वेळा झाड वर्षभर पाणी पीत असतं आणि त्याला कात्री लागलेलीच नसते. पडेगावला बर्फ पडत नाही, थंडीही बेताची. त्यामुळे झाड स्वतःहून झोपत नाही, विश्रांती आपणच द्यायची.

मोगऱ्याची कळी नव्या फुटीवर येते. जुनी काडी राखून ठेवली तर नुसता पाला वाढतो. आपण मोसंबीला आंबे बहारासाठी ताण देतो ना, तसाच मोगऱ्यालाही द्यायचा. नोव्हेंबरच्या मध्यापासून पाणी तोडा. मुरमाड जमिनीत तीन आठवडे पुरतात, काळ्या जमिनीत ओल टिकते म्हणून महिनाभर लागतो. पानं पिवळी पडून गळायला लागली की ताण बसला. घरचे म्हणतील झाड मेलं, म्हणू द्या! कुंडीतल्या मोगऱ्याला मात्र एवढा ताण सोसत नाही, तिथं आठ-दहा दिवस बास.

मग डिसेंबरच्या शेवटी जमिनीपासून दीड फुटावर सगळं झुडूप छाटा. वाळक्या, बारीक, आत घुसलेल्या काड्या बुडातूनच काढा. माती हलवून शेणखत द्या आणि पाणी सुरू करा. मार्चपासून कळ्या लागतात, म्हणजे पाडव्याला आणि पुढच्या लग्नसराईला माल हातात. छाटणी फेब्रुवारीवर ढकलली तर हेच आधीचे दिवस हातचे जातात. उन्हाळ्यात पाणी विकत घ्यावं लागणार असेल, तर वीस झुडपांपेक्षा दहाच ठेवा असं माझं मत आहे. फुलाच्या दिवसांत पाणी तुटलं तर छाटणी वाया जाते.

पण याच वेळी कुंदाला हात लावू नका. कुंद थंडीत फुलतो, डिसेंबरात कापला तर कळ्याच कापल्या जातात. त्याचा बहर संपला की मग छाटा.

गुलाबाचं वेगळं. पाऊस पूर्ण थांबला की ऑक्टोबरात छाटायचा. भर पावसात कापला तर काडी शेंड्याकडून काळी पडत खाली मरत येते. बाहेर तोंड असलेल्या डोळ्याच्या जरा वर तिरका काप द्या, कापावर बोर्डो पेस्ट लावा. साधारण दीड महिन्यात फुलं येतात, तुळशीच्या लग्नानंतरच्या मुहूर्तांना कामाला येतात. एप्रिल-मेच्या उन्हात मोठी छाटणी नको.

गुलाबाची सुकलेली फुलं झाडावर ठेवू नका. तिथं बोंड धरलं की झाडाची ताकद बीकडे जाते. नुसत्या पाकळ्या ओढून उपयोग नाही. फुलाच्या खाली पाच पर्णिकांचं पहिलं दणकट पान जिथं असेल, त्याच्या वर देठ कापा. शेवंती, झेंडूचीही वाळकी फुलं आठवड्याला खुडत जा. मोगऱ्याला हे काम नाही, विकायला कळी तोडतो त्यातच ते होतं.

सिकेटर प्रत्येकीनं घ्यायची गरज नाही, गटात एक चालते. रोगट झुडपावर वापरली तर दुसरीकडे नेण्याआधी पातं स्पिरिटनं पुसा.