‘डझ’नंतर ‘गोज’ कशाला?

चि. सायली हिस,


इंग्रजीच्या पेपराचा फोटो मिळाला. मार्क नेमके कुठे गेले विचारतेस, तर बहुतेक सगळे सहायक क्रियापदांपाशी सांडलेत.

‘डझ शी गोज’ हे तुझ्या मराठीनं लिहिलंय. ‘ती गेली आहे’, ‘त्या गेल्या आहेत’: आपल्याकडे कर्ता बदलला की दोन्ही पदं बदलतात. इंग्रजीत हे काम एकट्या पहिल्या क्रियापदाचं. ‘शी हॅज बीन वेटिंग’, ‘दे हॅव बीन वेटिंग’; पुढचं काही हलत नाही. ‘डझ’नं एकदा ‘एस’ घेतला, मग ‘गो’ला तो कशाला हवा?

याहून फसवी जागा वेगळीच आहे. ‘राधाने आंबे खाल्ले आहेत’ म्हणताना आपलं क्रियापद राधेकडे ढुंकूनही बघत नाही, आंब्यांमागे जातं. इंग्रजीत आंबा एक असो की पेटीभर, ‘राधा हॅज ईटन’च. आणि ‘माय ग्रँडफादर हॅव कम’! आजोबांचा मान राखलास, हे वाचून हसू आलं आणि बरंही वाटलं. पण तिकडे राजा आला तरी ‘हॅज कम’च म्हणतात. आदरार्थी बहुवचनाची जुनी खूण तेवढी ‘यू’मध्ये उरलीय. ते मुळात ‘तुम्ही’, म्हणून समोर एकटा माणूस असला तरी ‘यू आर’.

‘कॅन’, ‘मे’, ‘शॅल’ यांना ‘एस’ कधीच लावू नकोस. ही रूपं फार पूर्वी भूतकाळाची होती, पुढे वर्तमानात वापरली जाऊ लागली. त्यामुळे तो प्रत्यय त्यांना कधी चिकटलाच नाही. हे परीक्षेत कोणी विचारणार नाही, पण कारण कळलं की पाठ करावं लागत नाही.

‘वन ऑफ माय फ्रेंड्स हॅव’ ही चूक तर मोठी माणसंही बिनदिक्कत करतात. ‘फ्रेंड्स’ क्रियापदाला खेटून बसलेत खरे, पण कर्ता ‘वन’ आहे, म्हणून ‘हॅज’. लिहून झालं की प्रत्येक वाक्यातल्या पहिल्या क्रियापदावर बोट ठेव आणि त्याचा कर्ता शोध. पुढची क्रियापदं तपासताना मात्र कर्ता विसरायचा.

‘ही नीड नॉट गो’ आणि ‘ही डझ नॉट नीड टु गो’ ही दोन्ही बरोबर कशी, हे दिवाळीत आलीस की सांगते. तोवर हाच पेपर पुन्हा सोडवून पाठव. आईला नमस्कार सांग.

तुझी,
आत्या