जळके तेल, जमीन आणि विहीर

कोल्हापूरच्या उद्यमनगरात एकेकाळी शेतीची ऑइल इंजिने घडत. आता मळ्यांतील पाणी बहुतेक विजेच्या पंपांनी चढते. परंतु ट्रॅक्टर आणि मोटारसायकली वाढल्या आहेत. त्यांतून काढलेले जळके तेल पुष्कळदा बांधावर किंवा विहिरीच्या कडेलाच ओतले जाते. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबईनजीक दोन जहाजांची टक्कर होऊन 'एमएससी चित्रा'तील तेल समुद्रात सांडले, त्याचा सर्वत्र बोभाटा झाला. बांधावर रिता होणारा डबा कोणाच्या लेखी नसतो. शिक्षकांनी पाठ या डब्यापासून सुरू करावा.

तेलाचा लेप मातीच्या कणांवर बसला की पाणी मुरत नाही व हवा खेळत नाही; मुळे गुदमरतात. दुसरी हानी चटकन ध्यानात येत नाही. जमिनीतील काही सूक्ष्म जंतू तेल खातात. तेलात कार्बन विपुल, नत्र मात्र नाममात्र. म्हणून हे जंतू वाढीसाठी मातीतला नत्र ओढून घेतात आणि पीक पिवळे पडते. रोग समजून औषध फवारणे येथे व्यर्थ होय.

तेल पिकात उतरते काय, हा प्रश्न मुले विचारतीलच. त्याचे एका शब्दात उत्तर देऊ नये. बेंझिनसारखे हलके घटक पाण्यात थोडे विरघळतात व मुळांवाटे वर चढू शकतात. त्यांतील बराच भाग हवेत उडूनही जातो. जड घटक मातीला व मुळाच्या सालीला चिकटून राहतात, खोडात फारसे चढत नाहीत. यास्तव उसापेक्षा गाजर-मुळ्याची काळजी अधिक. जळक्या तेलात इंजिनाच्या झिजेचे धातूही असतात. ते जंतूंना पचवून नाहीसे करता येत नाहीत. विहिरीचे पाणी उकळल्याने रोगजंतू मरतील, धातू पाण्यातच राहतील.

प्रयोगासाठी दोन कुंड्यांत मूग पेरावेत व एकीच्या मातीत तेल कालवावे. जळके तेल मुलांच्या हाती मुळीच देऊ नये. गोडे तेल घेतले तरी पाणी कसे अडते ते दिसते.

तेल थोडे सांडले असल्यास माती भुसभुशीत करून, शेणखत घालून ओलसर ठेवावी, म्हणजे जंतूंना हवा व नत्र दोन्ही मिळतात. जळके तेल मात्र झाकणाच्या डब्यात साठवून अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे गॅरेजमार्फत पोचवावे. तो डबा उंचावर ठेवावा. २०१९ व २०२१ साली पंचगंगेचे पाणी कोठवर आले होते, हे मुलांना ठाऊक आहे.