परसबाग : हिवाळ्यापूर्वीची आखणी व लागवड

आपल्या शाळेच्या वसतिगृहात राहून शिकलेले अनेक विद्यार्थी आज नोकरी-व्यवसायात स्थिरावले आहेत. कोणी तालुक्याच्या गावी, कोणी शहराच्या कडेला प्लॉट घेऊन घर बांधले आहे. त्यांच्या गृहप्रवेशाला जाण्याचा योग आम्हांला वारंवार येतो. घर पाहून समाधान वाटते. पण मागील दार उघडले की बहुधा उरलेली वाळू, फुटक्या विटा आणि गाजरगवत दृष्टीस पडते. "एवढ्याशा जागेत काय होणार, सर?" असे उत्तर मिळते. या स्मरणिकेच्या निमित्ताने त्या एवढ्याशा जागेविषयीच चार गोष्टी सांगाव्यात, असे आम्ही ठरविले.

जमीन लहान केव्हा असते?

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१८ साली भारतातील लहान धारणक्षेत्रांच्या प्रश्नावर एक निबंध प्रसिद्ध केला. जमिनीचा तुकडा लहान की मोठा, हे केवळ त्याच्या क्षेत्रफळावरून ठरत नाही. त्या तुकड्यावर लावता येणारे श्रम, अवजारे आणि भांडवल यांच्याशी त्याचे प्रमाण कसे आहे, यावर ते अवलंबून असते, असा त्यातील एक महत्त्वाचा विचार आहे. बाबासाहेबांचा रोख अर्थातच देशाच्या शेतीकडे व औद्योगिकीकरणाकडे होता, परसबागेकडे नव्हता. तरीही हा विचार घरामागील जागेला लावून पाहण्यासारखा आहे. सकाळचा अर्धा तास, एक कुदळ, एक खुरपे आणि मोरीचे वाया जाणारे पाणी एवढेच आपले भांडवल असेल, तर १६ फूट लांब व ११ फूट रुंद जागा त्याला पुरेशी आहे.

या कामाची गरजही मोठी आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. सुट्टीनंतर वसतिगृहात परतणाऱ्या मुलींचे फिकट चेहरे पाहताना ही आकडेवारी आम्हांला कागदावरची वाटत नाही. रक्तक्षयाची कारणे अनेक आहेत आणि त्यावर वैद्यकीय उपचार घ्यावेच लागतात. परंतु रोजच्या ताटात ताजी पालेभाजी आणि तिच्यावर लिंबाची फोड असणे, हा त्यातला आपल्या हातातील भाग आहे. लिंबातील क जीवनसत्त्वामुळे भाजीतील लोह शरीरात अधिक चांगले शोषले जाते.

आमची पहिली चूक

आम्ही घर बांधले त्या वर्षी मोठ्या उत्साहाने परसबाग केली. पुस्तके वाचली, कागदावर आराखडा काढला. दक्षिणेकडील कुंपणभिंतीला लागून वाफे केले, कारण तेथून नळ जवळ होता. ओळखीच्या गोठ्यातून ताजे शेण आणून मातीत मिसळले. मेथी, पालक, कोथिंबीर यांचे सगळे बी एकाच दिवशी टाकले. डिसेंबरात वाफ्यांवर दुपारीसुद्धा ऊन येईना. कच्च्या शेणाला वाळवी लागली. जी मेथी वाचली ती एकाच आठवड्यात तयार झाली आणि खाऊन संपेना, तशी फुलावर गेली.

आमची आई तेव्हा आमच्याकडे राहत होती. तिने चाळीस वर्षे दुसऱ्यांच्या शेतात निंदणी-खुरपणी केली होती. पीक गेल्यावर ती सहज म्हणाली, "भिंतीच्या सावलीत काय येतंय, बाबा?" आम्ही विचारले, "आई, मग आधी का नाही सांगितलंस?" तेव्हा ती म्हणाली, "मला कुणी इचारलं?" इतिहासाची पदवी घेतलेले आम्ही त्यावर निरुत्तर झालो. शेतात तिला आयुष्यभर काम सांगितले गेले. तिचे मत कोणी विचारले नव्हते. शिकलेल्या मुलानेही विचारले नाही. पुढील वर्षीची बाग तिने सांगितली आणि आम्ही केली. खालील आराखडा मुख्यतः तिचाच आहे.

जागा व माती

हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. आपल्या मराठवाड्यात डिसेंबरअखेरीस भर दुपारीही भिंतीची सावली जवळजवळ तिच्या उंचीइतकीच लांब उत्तरेकडे पडते. म्हणून दक्षिणेच्या भिंतीपासून किमान सहा-सात फूट सोडून वाफे करावेत. पावसाळ्यात निवडलेली जागा उन्हात दिसली, तरी ती हिवाळ्यात उन्हात राहीलच असे नाही.

नंतर एक फूट खोल खड्डा खणून तो पाण्याने भरावा. दुसऱ्या दिवशीही पाणी साचलेले दिसले, तर निचरा वाईट आहे असे समजावे. काळ्या मातीत हे बहुधा दिसते. त्यावर उपाय म्हणजे वीतभर उंचीचे गादीवाफे. बांधकामाचा चुना, सिमेंट, विटांचे तुकडे काढून टाकावेत. प्रत्येक वाफ्यात तीन-चार घमेली पूर्ण कुजलेले शेणखत किंवा कंपोस्ट मिसळावे. चांगल्या कुजलेल्या खताला शेणाचा वास येत नाही, ओल्या मातीचा येतो. हातात ते भुसभुशीत लागते. खताबरोबर ओंजळभर निंबोळी पेंड टाकल्यास वाळवीचा उपद्रव कमी होतो.

तीन वाफ्यांचा आराखडा

वाफे पूर्व-पश्चिम लांब ठेवावेत. प्रत्येकी तीन फूट रुंदीचे तीन वाफे व त्यांमध्ये एकेक फुटाच्या दोन वाटा, असे ११ फूट होतात. तीन फुटांहून रुंद वाफा करू नये; दोन्ही बाजूंनी मध्यापर्यंत हात पोहोचला पाहिजे. वाफ्यात पाय ठेवला की माती दबते आणि मुळांना हवा मिळत नाही.

उत्तरेकडील वाफ्यात उंच वाढणारी पिके घ्यावीत, म्हणजे त्यांची सावली इतरांवर पडत नाही. अर्ध्या वाफ्यात दीड फूट अंतरावर दोन ओळींत टोमॅटोची दहा रोपे बसतात; पाच-सहा माणसांच्या घराला ती पुरतात. उरलेल्या अर्ध्यात काठ्यांचा मांडव करून वाटाणा व वाल लावावा. मधल्या वाफ्यात वांगी, मिरची आणि फुलकोबी घ्यावी. वांग्याला दोन फूट व फुलकोबीला दीड फूट अंतर ठेवावे. दक्षिणेकडील वाफ्याचे चार-चार फुटांचे चार भाग करून त्यांत मेथी, पालक, कोथिंबीर आणि मुळा पेरावा. सर्व वाफ्यांच्या कडेने लसणाच्या पाकळ्या चार-चार बोटांवर टोचाव्यात. आवाराच्या कोपऱ्यांत शेवगा, कढीपत्ता व कागदी लिंबू यांची एकेक जागा ठरवून ठेवावी. मोरीचे पाणी जिथे जाते तिथे केळ व अळू लावावे.

दोन पौर्णिमांमधील काम

वेळापत्रक लक्षात ठेवण्यासाठी आम्ही विद्यार्थ्यांना वर्षावासाचा आधार देतो. भिक्खूंनी पावसाळ्यात एका ठिकाणी राहावे, या नियमामागे कोवळे अंकुर पायदळी तुडवले जातात ही लोकांची तक्रारही होती, असे विनयपिटकात आले आहे. वर्षावासातील भाद्रपद पौर्णिमेच्या सुमारास टोमॅटो, वांगी, मिरची व फुलकोबीचे बी रोपवाटिकेत टाकावे. जुने टोपले किंवा लाकडी खोके यासाठी पुरते. बी अर्ध्या बोटाच्या पेराएवढे खोल, बोटभर अंतराच्या ओळींत टाकून वर बारीक खत पसरावे व मुसळधार पावसापासून आडोसा करावा.

चार-पाच आठवड्यांनी, वर्षावास संपून अश्विन पौर्णिमा येते, तेव्हा रोपे वीतभर झालेली असतात. ढगाळ दिवशी किंवा संध्याकाळी त्यांची लागण करून लगेच पाणी द्यावे. मिरचीचे रोप थोडे सावकाश वाढते. त्याला आणखी आठवडाभर द्यावा. पालेभाज्या, मुळा, वाटाणा आणि लसूण यांची रोपे करीत नाहीत. ते थेट वाफ्यातच लावावे. धने पेरण्यापूर्वी हलके रगडून त्यांचे दोन भाग करावेत.

मेथी, पालक व कोथिंबीर एकदम न पेरता दहा-बारा दिवसांच्या अंतराने थोडी थोडी पेरावी. मेथी साधारण महिनाभरात व मुळा चाळीस-पंचेचाळीस दिवसांत निघतो. अशा पेरणीने नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत घरात भाजी खंडत नाही. आमच्या भागात मार्चनंतर पाण्याची ओढ लागते, म्हणून त्याआधी संपणारी पिकेच पहिल्या वर्षी घ्यावीत.

पाणी सकाळी द्यावे. रोपे रुजेपर्यंत रोज थोडे, नंतर काळ्या मातीत तीन-चार दिवसांनी पुरते. वाळलेला पाला वाफ्यावर अंथरल्यास ओल टिकते. मावा दिसल्यास ५० ग्रॅम निंबोळीची भरड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, त्यात किंचित साबण मिसळून संध्याकाळी फवारावे.

बाग कोणाची?

टोमॅटो व मिरची ही अमेरिका खंडातून पोर्तुगीजांच्या काळात आपल्याकडे आली, हे ऐकून वर्गातील मुले चकित होतात. आज त्यांच्यावाचून आपला स्वयंपाक अडतो. रोपे प्रवास करतात आणि लावणाऱ्याची होतात. सम्राट अशोकाच्या गिरनार येथील दुसऱ्या शिलालेखात, माणसांना व जनावरांना उपयोगी वनस्पती, मुळे आणि फळे जिथे नव्हती तिथे आणून लावल्याचा, विहिरी खोदल्याचा व झाडे लावल्याचा उल्लेख आहे. राज्यकर्त्याने शिळेवर कोरून ठेवावे इतके हे काम मोलाचे मानले गेले.

आपल्या समाजातील कित्येक आजी-आजोबांनी इतरांची शिवारे हिरवी केली. स्वतःच्या नावावर मात्र एक वाफाही नव्हता. १९२७ साली महाडला चवदार तळ्याचे पाणी पिण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, तेथे बागेला पाणी कोठून मिळणार? आज घरामागे आपली जागा आहे आणि आपला नळ आहे. तेव्हा माजी विद्यार्थ्यांना आमची एकच विनंती आहे. या भाद्रपदात कुदळ हाती घेण्यापूर्वी घरातील वडीलधाऱ्या माणसाला मागील अंगणात घेऊन जावे, खुर्ची द्यावी आणि विचारावे, "आई, इथे काय लावू या?"

आमची आई आता नाही. तिने लावलेला शेवगा मात्र दरवर्षी शेंगांनी लगडतो, आणि त्याच्या शेंगा शाळेच्या स्वयंपाकघरातही पोहोचतात.