दाखला नाही? तरीही शाळेत जा

प्रश्न : आमच्या शेजारी कलबुर्गीहून एक कुटुंब राहायला आलंय. नऊ वर्षांच्या मुलीचा शाळेचा दाखला गावीच राहिलाय आणि इथल्या शाळा सुरू होऊन दोन महिने झालेत. आता प्रवेश मिळेल का?
– एक वाचक, अँटॉप हिल

उत्तर : नक्की मिळेल, तो तिचा हक्कच आहे. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार ६ ते १४ वयाच्या मुलांना वयाचा पुरावा नाही किंवा वर्ष सुरू झालंय म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. शाळा सोडल्याचा दाखला मागाहून आला तरी चालतो. वर्ग वयानुसार मिळतो, म्हणजे तिला साधारण चौथी. अभ्यास मागे पडला असेल तर विशेष प्रशिक्षण मिळायला हवं.

मुंबई महापालिकेच्या शाळा कन्नडसह आठ माध्यमांच्या आहेत. मात्र प्रत्येक माध्यम घराजवळ असेलच असं नाही, म्हणून आधी जवळच्या शाळेत मुख्याध्यापकांना भेटा. माध्यम कुठलंही घेतलं तरी मराठी विषय शिकावा लागेल. पुस्तकं, गणवेश, दुपारचं जेवण मोफत असतं. कुणी परत पाठवलंच, तर एफ उत्तर विभागाच्या शिक्षण कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

एक विनंती : पहिल्या दिवशी तुम्ही सोबत जा. अनोळखी शहरात त्या आईला तेवढा आधार फार मोठा वाटेल.