वारसाची नोंद

महसूल खात्यात एकतीस वर्षे कारकुनी करताना मूर्तिजापूर व अकोला तहसिलींतील कित्येक मयत खातेदारांच्या वारसांचे फेरफार माझ्या हातून गेले. कोणाचा हिस्सा किती आणे, हे मी तोंडपाठ सांगत असे. परंतु वडिलांकडून आम्हां दोघां भावांकडे शेताखेरीज आणखी काय आले, याची चौकशी करण्याचे मला कधी सुचले नाही.

वडिलांच्या हृदयात आवाज आहे, असे अकोल्यातील एका डॉक्टरांनी सांगितले होते, आणि लहानपणीच्या संधिज्वराचा तो परिणाम असावा असे ठरून प्रकरण दप्तरदाखल झाले. त्या डॉक्टरांस मी फारसा दोष देत नाही, कारण घसादुखीमागून येणारा हा ज्वर आपल्याकडे झडपा निकामी होण्याचे फार मोठे कारण आहे; मात्र वडिलांना तो कधी आला होता काय, हे ना त्यांनी विचारले, ना आम्ही. साठीच्या आतच वडील धुऱ्यावर कोसळले. शेताच्या जुन्या नकला आजही पेटीत लाल फडक्यात आहेत; वडिलांचे दवाखान्याचे कागद आम्ही रद्दीत घातले.

पुढे अमरावतीस राहणारा धाकटा भाऊ, वयाच्या 46 व्या वर्षी, अंबादेवीच्या दर्शनाहून परतताना भोवळ येऊन पडला. टू-डी इकोत दिसले की, महाधमनीच्या मुखाशी जी झडप निसर्गतः तीन पाकळ्यांची असावयाची, ती त्याच्या ठायी जन्मापासून दोनच पाकळ्यांची होती व चुना साचून ताठरली होती. नागपुरास ती बदलली. “तुमचा इको केव्हा काढला?” असे तेथील डॉक्टरांनी मला विचारले, तेव्हा मी हसलो, आणि त्रास काही नाही या सबबीवर दीड वर्ष दवडले. अखेर पत्नीच्या हट्टाने काढला, तर माझीही झडप दोन पाकळ्यांची, वर महाधमनी फुगू लागलेली. आणि मागोमाग मुलीचीही झडप तशीच निघाली.

शंभरांत एक-दोन माणसांत हा दोष असतो, पुरुषांत अधिक. दोषी माणसाच्या सख्ख्या नात्यात मात्र दहांतील सुमारे एकास तो सापडतो. 2005 साली काही कुटुंबांत ‘नॉच-1’ या जनुकातील बिघाड त्याच्या मुळाशी आढळला, तरी बहुतेक घरांत कोणतेही एक जनुक हाती लागत नाही. म्हणून रक्ततपासणीच्या मागे धावण्याआधी छातीचा इको काढावा. मारफान नावाच्या विकाराची गोष्ट निराळी: असाधारण उंची, लांबसडक बोटे आणि सैल झडपा देणारा तो दोष एका जनुकाचा, 1991 साली ओळखलेला, आणि प्रत्येक अपत्याकडे जाण्याचा संभव निम्मा.

मुलीचा रिपोर्ट आला, तेव्हा आई म्हणाली, “हे कोनाले सांगू नोको बाप्पा, पोरीची सोयरीक अडन.” गोत्र-कुळी सात पिढ्यांची विचारणारे आपण, आजा कशाने गेला हे विचारीत नाही. मी आईचे ऐकले नाही. एक स्थळ परत गेले, दुसऱ्याने रिपोर्ट वाचून होकार दिला. तिच्या बाळंतपणाआधी महाधमनीचे माप घेणे आवश्यक होते. लपविले असते तर ते राहून गेले असते.

तेव्हा ज्यांच्या घरी झडपेचा दोष निघाला असेल, त्यांनी त्या कागदांची एकेक नक्कल सर्व भावंडांस व मुलांस द्यावी, आणि त्रास होण्याची वाट न पाहता प्रत्येकाचा इको एकदा काढून घ्यावा. वडिलांची झडप किती पाकळ्यांची होती, हे आता सिद्ध करता येत नाही.